पायाखालचं धन कोणाचं? बोत्स्वानाचे हिरे आणि मालकीचा प्रश्न



मागचं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “सर, आपण ‘देशाची खनिजसंपत्ती’ असं सहज म्हणून जातो. पण यातला देश म्हणजे नक्की कोण?” जिन्यात उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी या. ते आलेले आहेत, तिसऱ्या रांगेत मला दिसताहेत. तेव्हा आजचा तास त्यांच्या प्रश्नासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. भूगर्भशास्त्र किंवा अर्थशास्त्र हा माझा विषय नाही, आणि खाणीत मी एकदाही उतरलेलो नाही. पण ‘अमुक वस्तू माझी आहे’ या वाक्याचा अर्थ काय, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे. जमिनीखालच्या खनिजाच्या बाबतीत तो जितका अवघड होतो तितका दुसरीकडे क्वचितच होत असेल. म्हणून आज मी सिद्धांतापासून सुरुवात न करता एका देशाची गोष्ट सांगणार आहे. सिद्धांत वाटेत भेटतील.

तो देश म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातला बोत्स्वाना. आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यातला बहुतेक भाग कालाहारीच्या वाळूने व्यापलेला. लोकसंख्या मात्र २०२२च्या जनगणनेनुसार सुमारे साडेतेवीस लाख. म्हणजे २०११च्या जनगणनेत आपल्या एकट्या पुणे शहराची जी लोकसंख्या होती, तिच्यापेक्षाही कमी. पावसाचं तिथे इतकं अप्रूप, की १९७६मध्ये त्यांनी स्वतःचं चलन काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘पुला’. पुला म्हणजे पाऊस. आपण पैशाचा पाऊस म्हणतो, त्यांनी पैशालाच पाऊस म्हटलं.

१८८५पासून हा प्रदेश ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. संरक्षण म्हणायचं आणि लक्ष द्यायचं नाही, असा तो कारभार. प्रशासनाचं मुख्य ठाणंसुद्धा देशाच्या सीमेबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग या गावी होतं. ३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे डांबरी रस्ता होता बारा किलोमीटर. विद्यापीठाची पदवी घेतलेले नागरिक होते बावीस. वर्षानुवर्षं दुष्काळ पडलेला, गुरंढोरं मेलेली, आणि सरकार चालवायला ब्रिटनकडून येणारं अनुदान. जगातल्या अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होत होती. शेजारच्यांना वाटत होतं, हा देश काही टिकत नाही.

आणि मग १९६७मध्ये ओरापा नावाच्या ठिकाणी हिरे सापडले.

हिरा कुठून येतो हे थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर आणि त्याहूनही खोल, प्रचंड दाब आणि उष्णता असते, तिथे कार्बनचा हिरा होतो. यातले बरेचसे हिरे शंभर कोटी वर्षांपेक्षाही जुने आहेत. पुढे कधीतरी ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर एक विशिष्ट प्रकारचा खडक वर उसळतो आणि येताना हे हिरे घेऊन येतो. त्या खडकाला किंबरलाइट म्हणतात. जमिनीत त्याचा नरसाळ्यासारखा उभा नळ तयार होतो. बोत्स्वानाची सगळ्यात श्रीमंत खाण ज्वानेंग इथे आहे. तिथे एक टन खडक फोडला की साधारण एक-दीड कॅरेट हिरा मिळतो, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. आणि तरीही किमतीच्या हिशेबाने ती जगातली सर्वांत मौल्यवान हिऱ्यांची खाण समजली जाते.

ज्वानेंगचा शोध कसा लागला, त्याची हकिकत मला फार आवडते. तिथे किंबरलाइटवर वाळूचा जाड थर आहे. वरून पाहून काही कळणं शक्य नाही. पण वाळवी वारूळ बांधताना ओलाव्यासाठी खोल खाली जाते आणि खालच्या मातीचे कण वर आणते. त्या कणांत भूगर्भशास्त्रज्ञांना गार्नेट आणि इल्मेनाइट दिसले. हे कण म्हणजे खाली किंबरलाइट असल्याची खूण.

आता इथे आमचे जॉन लॉक येतात. सतराव्या शतकातले इंग्लंडचे तत्त्वज्ञ. आधुनिक जगात खासगी मालकीचं जे समर्थन केलं जातं त्याचं मूळ बऱ्याच अंशी लॉककडे जातं. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. सृष्टी सगळ्यांची आहे, पण मी जिच्यात माझे श्रम मिसळले ती वस्तू माझी होते. झाडावरची फळं सगळ्यांची, पण मी तोडली ती माझी. ठीक आहे. मग ज्वानेंगचे हिरे कोणाचे? श्रम मोजायचे तर पहिला हक्क वाळवीचा! हसण्यावारी नेऊ नका. शोधणारा भूगर्भशास्त्रज्ञ, भांडवल घालणारी कंपनी, खणणारा कामगार, या सगळ्यांच्या श्रमाचं मोल त्यांना मिळायलाच हवं. पण हिऱ्याची जी अफाट किंमत आहे ती यांच्यापैकी कोणीही निर्माण केलेली नाही. शिवाय लॉकने स्वतःच एक अट घातली होती: तुम्ही घ्या, पण इतरांसाठी तितकंच आणि तसंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. फळं पुढच्या वर्षी पुन्हा येतात. हिरा काढला की गेला. खनिजाच्या बाबतीत लॉकची अट कोणालाच पाळता येत नाही. म्हणजे मालकीचा हा नेहमीचा आधार इथे अपुरा पडतो.

मग बोत्स्वानाने काय केलं?

पहिले राष्ट्राध्यक्ष होते सेरेत्से खामा. मोठं विलक्षण चरित्र. बांग्वाटो या मोठ्या जमातीच्या गादीचे ते वारस. लंडनमध्ये शिकत असताना १९४८मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्लिश तरुणीशी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य, आणि इथे काळा राजा व गोरी राणी! ब्रिटिश सरकारने दबावाखाली येऊन त्यांना काही वर्षं मायदेशाबाहेर ठेवलं. १९५६मध्ये गादीवरचा हक्क सोडून ते सामान्य नागरिक म्हणून परतले आणि दहा वर्षांनी देशाचे प्रमुख झाले.

त्या समाजात जमिनीवर आणि जमिनीखालच्या खनिजांवर जमातींचा हक्क मानला जाई. ओरापा येत होतं बांग्वाटोंच्या प्रदेशात, म्हणजे खुद्द खामांच्या जमातीच्या. खामांच्या सरकारने १९६७मध्ये कायदा केला: सर्व खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे. आणि हे केलं ओरापाच्या शोधाची जाहीर घोषणा होण्यापूर्वी.

विसाव्या शतकातले अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१मध्ये एक कल्पना मांडली. समाजाचे न्याय्य नियम ठरवायचे असतील तर अज्ञानाच्या पडद्याआड बसून ठरवा. आपण श्रीमंत आहोत की गरीब, या जमातीचे की त्या, हे ठाऊक नाही असं समजा, मग कोणता नियम कराल? खामांचा कायदा साधारण याच तर्काने चालतो. बाकीच्या जमातींना आपल्या वाळूखाली काय आहे याची कल्पना नव्हती, त्यामुळे त्यांना सर्वांनी मिळून मालक होणं पटण्यासारखं होतं. पण खामांनी पडद्याआड बसल्याचं सोंगही आणलं नाही. हा नियम केला तर आपल्याच माणसांच्या हातून काय जाणार आहे, हे त्यांना कळत होतं. उलट वागले असते तर काय झालं असतं? एक जमात धनाढ्य, बाकी सात-आठ जमाती तिच्या दाराशी, आणि मग बंदुका. आफ्रिकेत हिऱ्यांपायी हे घडलेलं आहे. सिएरा लिओन आणि अंगोला यांचा इतिहास आठवा.

कायदा झाला, पण हिरे काढायला लागणारं ज्ञान आणि भांडवल होतं डी बीअर्स या कंपनीकडे. सुरुवातीला सरकारचा हिस्सा होता फक्त १५ टक्के. ओरापाची खाण १९७१मध्ये सुरू झाली, आणि ती किती फायद्याची आहे हे दिसताच सरकार पुन्हा वाटाघाटीला बसलं. १९७५मध्ये हिस्सा झाला ५० टक्के. ज्वानेंगची खाण सुरू झाली १९८२मध्ये. आज या भागीदार कंपनीचं नाव देबस्वाना आहे, आणि लाभांश, कर, रॉयल्टी असं सगळं धरलं तर तिच्या नफ्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा सरकारकडे जातो. पुढे कच्च्या हिऱ्यांची प्रतवारी आणि विक्रीसुद्धा त्यांनी लंडनहून आपल्या राजधानीत, गाबोरोनला आणवली. ते झालं २०१३मध्ये. म्हणजे एकदा सही केली आणि पन्नास वर्षं गप्प बसले, असं त्यांनी केलं नाही. कराराची मुदत आली की पुन्हा टेबलावर, आणि दर वेळी थोडं अधिक पदरात.

आता ‘कोणाचं?’ या प्रश्नानंतरचा दुसरा प्रश्न: आलेल्या पैशाचं करायचं काय?

तुम्हा सगळ्यांना ‘गुंठामंत्री’ हा शब्द माहीत आहे. शहर वाढत वाढत गावापर्यंत आलं, वाडवडिलांची जमीन गुंठ्यावर विकली गेली, गळ्यात साखळी आली, दारात गाडी आली. आमच्या नात्यातलंच एक उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. चार एकर गेली, दोन कोटी आले. पाच-सहा वर्षं घरात दिवाळीच होती. आज त्या घरातला मुलगा, जी सोसायटी त्यांच्याच शेतात उभी राहिली, तिथे पहारेकऱ्याची नोकरी करतो. त्या लोकांना हसू नका. त्यांची चूक एकच झाली. विक्रीच्या पैशाला ते उत्पन्न समजले. शेतातलं पीक हे उत्पन्न, शेत विकणं हे उत्पन्न नाही. आणि हीच चूक अख्खे देश करतात.

प्रशांत महासागरातलं नाऊरू हे बेट बघा. अवघं एकवीस चौरस किलोमीटर. उच्च प्रतीचं फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा माल. १९६८मध्ये ते स्वतंत्र झालं आणि पुढची काही वर्षं दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणलं गेलं. मेलबर्नमध्ये त्यांनी बावन्न मजली इमारत बांधली. लंडनच्या रंगभूमीवर एका संगीत नाटकात पैसे घातले, ते पडलं. फॉस्फेट संपत आलं, निधी उधळला गेला, आणि २००४मध्ये ती इमारतही विकावी लागली. बेटाच्या मधल्या भागात आज खणून उरलेले चुनखडीचे सुळके तेवढे उभे आहेत.

जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७मध्ये एक नियम मांडला. जे संपणार आहे ते विकून आलेला पैसा, जे टिकणार आहे त्यात घाला. खाण रिकामी होईल त्या प्रमाणात शाळा, रस्ते, आरोग्य, गुंतवणूक भरत गेली पाहिजे. बोत्स्वानाने हा विचार आपल्या अंदाजपत्रकात आणला. त्यांनी एक निर्देशांक ठरवला. सोप्या भाषेत सांगायचं तर, सरकारचा रोजचा चालू खर्च हा खनिजाखेरीजच्या उत्पन्नातून भागला पाहिजे. खनिजाचा पैसा बांधकामं, शिक्षण, आरोग्य यांच्यासाठी. शिवाय १९९४मध्ये पुला फंड नावाचा निधी उभारला. खाणी संपल्यावर जन्माला येणाऱ्यांसाठी परदेशात गुंतवलेली ही पुंजी.

याचा उपयोग कसा झाला? नव्वदच्या दशकात एड्सच्या साथीने तो देश अक्षरशः पोखरला. एचआयव्हीच्या लागणीचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत त्याचा क्रमांक होता, सरासरी आयुर्मान कोसळलं. २००२मध्ये बोत्स्वानाने ‘मासा’ नावाची योजना सुरू केली आणि गरजूंना एचआयव्हीवरची औषधं सरकारतर्फे मोफत द्यायला लागला. देशव्यापी पातळीवर असं करणारा तो आफ्रिकेतला पहिला देश. बाहेरून मदत आली, पण सरकारच्या तिजोरीत हिऱ्यांचा पैसा शिल्लक होता म्हणून हे उभं राहू शकलं. ‘भविष्यासाठी राखून ठेवणं’ हे वाक्य आपल्याला कोरडं वाटतं. तिथे त्याचा अर्थ लाखो जिवंत माणसं असा झाला.

हे सगळं लांबचं आहे असं वाटत असेल तर आपल्या शेजारचा गोवा आठवा. तिथल्या लोहखनिजाच्या खटल्यात २१ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खनिजाच्या विक्रीच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत ठेवा. कारण पुढच्या पिढ्यांचाही त्या डोंगरांवर हक्क आहे. बोत्स्वानात जे सरकारने केलं, ते आपल्याकडे न्यायालयाला सांगावं लागलं. पण विचार तोच.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, आदर्श देश सापडला. मी इथेच थांबलो असतो तर मी तुम्हाला फसवलं असतं.

कालाहारीच्या मध्यभागी एक प्रचंड अभयारण्य आहे. ते १९६१मध्ये झालं तेव्हा तिथल्या वन्य प्राण्यांबरोबरच तिथे राहणाऱ्या सान लोकांचाही विचार त्यामागे होता. सान म्हणजे दक्षिण आफ्रिका खंडातले आदिम रहिवासी, हजारो वर्षं शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे. १९९७मध्ये आणि पुन्हा २००२मध्ये सरकारने त्यांना तिथून हलवलं. सरकारचं म्हणणं असं, की वन्यजीवांचं रक्षण व्हावं आणि या लोकांना शाळा-दवाखाने मिळावेत म्हणून हे केलं, हिऱ्यांशी याचा संबंध नाही. विरोधकांना ते पटलं नाही. सान लोक न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००६मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही बंद केलेल्या कूपनलिकेतून पाणी काढण्याचा हक्क मिळवायला त्यांना २०११पर्यंत झगडावं लागलं. पुढे त्याच अभयारण्यात एक हिऱ्यांची खाण २०१४मध्ये सुरू झाली आणि तीन वर्षांत बंदही पडली.

हेतू काय होता यावर वाद घालता येईल. माझा मुद्दा वेगळा आहे. ‘खनिज सर्वांचं’ असं म्हटल्यावर त्या ‘सर्वां’मध्ये सगळ्यात कमी आवाज असलेला माणूस खरोखर मोजला जातो का? जमातीकडून हक्क राष्ट्राकडे गेला, हे न्याय्य होतं. पण राष्ट्राच्या नावाने बोलणारे शेवटी बहुसंख्यच असतात. ज्याच्या पायाखाली ते धन आहे, त्याला त्याचा एक वाटेकरी एवढंच स्थान देऊन चालणार नाही. त्याचं तिथे घर आहे. खाणीसाठी ज्यांची घरं आणि जंगलं गेली आहेत अशा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि दुसरी अडचण आत्ताची आहे. हिरा आता प्रयोगशाळेत तयार होतो. नकली नव्हे, खराच, कार्बनचाच, पण खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत फार स्वस्त. आणि तो बनवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक आपलं सुरत. बोत्स्वानाचे कच्चे हिरे वर्षानुवर्षं सुरतच्या कारागिरांच्या हातून पैलू पाडून घेत आले, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजारातून जगभर गेले. आज त्याच सुरतमध्ये त्यांचा प्रतिस्पर्धी वाढतो आहे. निर्यातीतला सुमारे ऐंशी टक्के वाटा हिऱ्यांचा असलेल्या देशाला हा घाव किती खोल बसला असेल! २०२४मध्ये तिथली अर्थव्यवस्था आक्रसली. बेकारी, विशेषतः तरुणांची, आधीपासूनच मोठी होती, विषमताही मोठी. राखीव निधीतून बरीच उचल झालेली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली आणि स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेला खामांचा पक्ष हरला. सत्ता मात्र दोन दिवसांत शांतपणे दुसऱ्याकडे गेली. ती संस्था, ती सवय हीसुद्धा एक संपत्तीच, आणि माझ्या मते त्या देशाने हिऱ्यांतून कमावलेली सर्वांत टिकाऊ.

त्यांनी पैसा वाचवला, शाळा बांधल्या, माणसं जगवली. पण हिऱ्याशिवाय जगता येईल असे पुरेसे उद्योग त्यांना उभे करता आले नाहीत. हार्टविकचा नियम पाळूनही हे होऊ शकतं. कारण आपल्याला वाटतं खाणीतली संपत्ती हळूहळू संपेल, वेळ मिळेल. खडक जागच्या जागीच असतो, आणि त्याची किंमत मात्र कुणीतरी दूरच्या प्रयोगशाळेत संपवून टाकतो.

तेव्हा, तिसऱ्या रांगेतले आमचे मित्र, तुमच्या प्रश्नाला मी असं उत्तर देईन. खनिजाच्या बाबतीत ‘देश’ म्हणजे सरकार नव्हे आणि आज मतदान करणारे आपणही नव्हे. त्यात अजून न जन्मलेले आहेत आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणारेही आहेत. या दोघांपैकी कोणाचाही आवाज मोजणीच्या वेळी फारसा ऐकू येत नाही. म्हणून मालक हा शब्दच मला इथे चुकीचा वाटतो. आपण विश्वस्त आहोत. विश्वस्ताला वस्तू विकायचा अधिकार असतो, पण हिशेब द्यायचं बंधन असतं. आपल्या जिल्ह्यात कोळसा, लोखंड, मँगनीज निघत असेल तर एवढं तरी विचारायला शिका: यंदा किती काढलं, किती रुपयांना विकलं, आणि त्याच्या बदल्यात कायमचं असं काय उभं राहिलं? हे तीन आकडे मागायला तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही.

बराच वेळ घेतला. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि आज जिन्यात नको, इथेच विचारा.